वर्धा दोनदा ओलांडताना

पहाटेचे पाच वाजलेत. चंद्रपूर जिल्ह्यात, पहाडावरच्या जिवतीत अजून उजाडलेलं नाही, पण हापशीवर रांग लागली आहे. माणसांची नाही, भांड्यांची. घागरी, गुंड, तेलाचे रिकामे डबे, रंग उडालेली एक बादली. ज्याचं भांडं पुढं सरकतं तो उठतो, बाकीचे कडेच्या दगडांवर बसून असतात. एक बाई दांडा मारते. दहा-बारा वेळा नुसतं लोखंड कण्हतं, मग बोटाएवढी धार येते. एप्रिल मध्यावर आलाय. पहाडावरचं पाणी खोल गेलंय.

वाऱ्याला मोहाचा वास आहे. गोडसर, जरा आंबूस. टोपल्या घेतलेल्या बायका अंधारातच झाडांखाली गेल्या आहेत. उजाडलं की गुरं फुलं खातात, त्याआधी वेचून व्हायला हवं. दूर कुठंतरी डोंगराला वणवा लागलाय. अंधारात त्याची लाल, वाकडी रेघ दिसते.

मी स्टँडवर येतो. एसटी लागलेली आहे. दिवे बंद, दार उघडं. आत आठ-दहा माणसं आधीच बसली आहेत. मागच्या बाकावर तीन पोरं आहेत, विशी-बाविशीची. तिघांत मिळून दोन बॅगा आणि एक खताचं पोतं. पोत्याचं तोंड सुतळीनं शिवलंय. आत पाच किलो तांदूळ, एक पातेलं, तीन ताटल्या आणि अंथरूण. तिघं हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर निघालेत. एक तांड्यावरचा, एक कोलाम गुड्यावरचा, एक गावातलाच, ज्याचे आजोबा लातूरकडून आले. एका शाळेत होते. आता एका ठेकेदाराकडे आहेत.

पुढं, दाराजवळच्या बाकावर एक आजी. नऊवारी, कपाळावर हिरवं गोंदण, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत नवं लुगडं आहे आणि खण आहे. भावाच्या नातीचं लग्न आहे नांदेडकडं. ती तिकडूनच आली. बहात्तरच्या दुष्काळात, नवऱ्यामागं, बैलगाडीतून. या पहाडावर अशी घरं शेकड्यांनी आहेत. मराठवाड्यात खायला नव्हतं आणि इकडं रान होतं, पाऊस होता. माणसं आली, राहिली. आधीपासून इथं असलेले गोंड-कोलाम आणि नंतर आलेले मराठवाड्याचे, बंजाऱ्यांचे तांडे, सगळ्यांची गावं आता एकमेकांना लागून आहेत. बाजारात उभं राहिलं की अर्ध्या तासात गोंडी, कोलामी, गोरमाटी, मराठवाडी, वऱ्हाडी आणि तेलुगू कानांवर पडतात.

कंडक्टर चढतो. घंटी. गाडी हलते.

आजी आधार कार्ड पुढं करते. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत तिकीट लागत नाही. तरी कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून तिच्या हातात देतो आणि ती ते घडी करून चोळीत ठेवते. तिच्या शेजारी एक सून बसली आहे, कडेवर लेकरू. तिला अर्धं तिकीट. बायकांना ही सवलत 2023पासून आहे आणि तेव्हापासून या गाडीत बायका जास्त दिसतात. दवाखान्याला, माहेराला, बँकेत, एकट्यादुकट्याही.

घाट सुरू होतो. खिडकीबाहेर साग. एकही पान नाही झाडावर, सगळी खाली. वाळलेली, पत्रावळीएवढी पानं चाकाखाली आली की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. बांबूची बेटं पिवळी पडली आहेत. वळणावर हेडलाइटमध्ये दोन डोळे चमकतात आणि विझतात. ड्रायव्हर वेग कमी करत नाही. त्याला रोजचं आहे.

माझ्या शेजारचा माणूस सीमेवरच्या गावाकडून रात्रीच जिवतीला येऊन थांबला होता. त्याच्या खिशात दोन रेशनकार्डं आहेत. एक महाराष्ट्राचं, एक तेलंगणाचं. मतदानाची ओळखपत्रंही दोन. अशी चौदा गावं आहेत या पहाडावर, ज्यांच्यावर दोन्ही राज्यं हक्क सांगतात. शाळा दोन, ग्रामपंचायती दोन. तो हे सांगताना आवाज चढवत नाही. जमिनीचा पट्टा मात्र दोन्हीकडून नाही, एवढंच म्हणतो, आणि बाहेर बघत राहतो.

खाली उतरतो तसा उकाडा वाढतो. पहाडावरचा गारवा मागं राहिला. गडचांदूर येतं तेव्हा सूर्य झाडांच्या वर आलाय. इथं झाडांचा रंगच वेगळा आहे. चिंचा, कडुलिंब, बाभळी, सगळ्यांवर राखाडी पूड. सिमेंटच्या कारखान्यांच्या चिमण्या उभ्या आहेत. त्यांच्या पायथ्याशी रूळ दिसतात आणि रुळांवर बंद वाघिणींची लांबच लांब रांग. पोरांतला एक खिडकीतून मान बाहेर काढून ती मोजतो. चाळिसापर्यंत जातो, मग बस वळते.

गडचांदूरला रेल्वे आहे. ती सिमेंट नेते. माणसांना नेत नाही. इथून पुढं आदिलाबादपर्यंत रूळ न्यावा ही मागणी जुनी आहे. तोवर जिवतीच्या माणसाला कुठंही लांब जायचं तर एसटीनं राजुरा, राजुऱ्याहून वर्धा नदीचा पूल, पुलापलीकडं बल्लारपूर. तिथं बल्लारशाह स्टेशन. एकूण साठेक किलोमीटर. पण घाट, थांबे, कोळशाचे ट्रक धरले तर अडीच तास कुठंच गेलेले नाहीत.

राजुऱ्याच्या स्टँडवर बस दहा मिनिटं थांबते. उपम्याचा वास, फिनाइलचा वास, आलुबोंड्याचा वास. एक म्हातारा चहावाला बाकावरच्या कुणाला तरी तेलुगूत उत्तर देतो, मला मराठीत. यात नवल नाही. 1956पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग तीन वर्षं नांदेड जिल्ह्यात. 1959ला चंद्रपूरला जोडला. वर्धा नदी ही जुनी सरहद्द. अलीकडं निजाम, पलीकडं इंग्रज.

पुलावर बस हळू होते. नदी खाली रोडावली आहे. वाळू जास्त, पाणी कमी. वाळूत टरबुजाच्या वाड्या. पावसाळ्यात हाच पूल पाण्याखाली जातो आणि रस्ता बंद पडतो. मग पहाडावरची माणसं अलीकडं आणि रेल्वे पलीकडं. आता मात्र एक पोरगा पात्रातून पायीच चाललाय, खांद्यावर सायकल. पाणी त्याच्या पोटऱ्यांपर्यंतही नाही.

बल्लारपूर आधी नाकाला कळतं. कागदाच्या गिरणीचा वास, उकडलेल्या कोबीसारखा. इथल्या लोकांना तो येत नाही. आम्हाला पुढची दहा मिनिटं येतो, मग आम्हालाही यायचा थांबतो.

स्टेशनाच्या भिंतींवर वाघ आहेत. पाणवठ्यावरचा वाघ, पिलं घेतलेली वाघीण, रानगवे, मोर. बल्लारशाह आणि चंद्रपूर ही दोन स्टेशनं अशी रंगवली आणि 2018च्या स्थानक सुशोभीकरणाच्या स्पर्धेत देशात पहिली आली. रंग चांगला टिकलाय. वाघिणीच्या पोटाशी सावलीला एक कुटुंब झोपलंय. मधे बाप, दोन्हीकडं लेकरं, आई बसून राखण करते.

साडेआठ वाजलेत. तिकिटाच्या खिडकीसमोर रांग. तीन खिडक्या, दोन उघड्या. प्रत्येकीपुढं तीस-पस्तीस माणसं. वर पंखा फिरतो, पण त्याचा वारा खालपर्यंत पोचत नाही. रांग पुढं जात नाही, नुसती घट्ट होते. मागचा माणूस माझ्या पाठीला टेकतो, मी पुढच्याच्या. घाम कुणाचा ते कळत नाही. खिडकीशी प्रत्येक जण हिंदीत बोलतो. गोरमाटी बोलणाराही, कोलामी बोलणाराही.

“सिकंदराबाद. तीन.”

“कौनसी गाडी?”

सुपरफास्टनं जायचं तर वरचे पंधरा रुपये. पोरांपैकी मोठा नोटा मोजून ठेवतो. त्याला सगळं ठाऊक आहे. दोनशे किलोमीटरच्या पुढचं तिकीट तीन दिवस आधीही मिळतं, हे तो मला सांगतो. मोबाइलवर निघतं, हेही सांगतो. मग रांगेत का? “पहाडावर रेंज नाही ना, काका. घाट उतरंपर्यंत एसटी निम्म्या वाटेवर असते. आणि रोख पैसे होते जवळ.” सिकंदराबाद इथून साडेतीनशे किलोमीटरांच्या थोडं पुढं. ते अंतर तो किलोमीटरमध्ये मोजत नाही. “जागा भेटली तर लवकर येते. उभ्यानं लई लांब आहे.”

आजीचं तिकीट नातू काढतो. तो इथंच बल्लारपुरात कामाला आहे. एसटीत फुकट आलेल्या आजीला रेल्वेत पूर्ण तिकीट लागतं. अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना निम्मं आणि साठीच्या पुढच्या पुरुषांना चाळीस टक्के सूट होती. मार्च 2020मध्ये, कोरोनाच्या दिवसांत ती थांबली, ती अजून सुरू झालेली नाही. आजीला याचा राग दिसत नाही. मला मात्र तिच्या चोळीतलं ते शून्य रुपयांचं तिकीट राहून राहून आठवतं. ती रेल्वेनंच जाणार म्हणते. एसटी तिला लागते. घाटात सकाळी ती डोळे मिटून, लिंबू नाकाशी धरून बसली होती. रेल्वेत पाय पसरता येतात, ओकारी येत नाही. नंदीग्राम एक्सप्रेस इथूनच सुटते. चंद्रपूर, वणी, आदिलाबाद, किनवट करत नांदेड, तिथून पुढं मुंबईपर्यंत. बैलगाडीनं तिला इकडं यायला किती दिवस लागले होते? ती बोटं मोजते. “नऊ मुक्काम,” म्हणते. दिवसांचा आकडा देत नाही, मुक्कामांचा देते.

पादचारी पुलाच्या पायऱ्या चढताना लोखंडी कठड्याला हात लावला तर चटका बसतो. अजून नऊही वाजलेले नाहीत. वरून सगळं आवार दिसतं. रूळ, रूळ आणि रूळ. उत्तरेकडं नागपूर, दक्षिणेकडं काझीपेठ, ईशान्येकडं जंगलात शिरणारा गोंदियाचा फाटा. त्या फाट्यावर वडसा लागतं, गडचिरोली जिल्ह्याचं रेल्वेस्टेशन. केवढा जिल्हा! भामरागड आणि सिरोंचाच्या माणसाला रेल्वे पाहायची तर दिवस मोडावा लागतो. याच फाट्यावर 2018मध्ये वाघाची तीन पिलं गाडीखाली गेली. गोंदियाची गाडी आता फलाटाला लागलेली आहे. तिच्या खिडक्यांत टोपल्या आहेत, कोंबड्या आहेत, एका खिडकीत नुसते पसरलेले पाय.

फलाटावर उतरलो. सावली पत्र्याखाली आहे, पण पत्राच तापलाय. बाकं भरली आहेत. माणसं पेपर पसरून खाली बसली आहेत. नळाला गर्दी. पाणी कोमट. बाटलीला ओला फडका गुंडाळून ती पंख्याखाली ठेवलेली, म्हणजे थोडं तरी निवेल.

एक पिकल्या केसांचे गृहस्थ बाकावर जागा करून देतात. अंगात पांढरा सदरा, हातात छत्री. त्यांना कुठं जायचं नाही. ते रोज येतात, गाड्या पाहायला. “जीटी गेली का?” हा त्यांचा पहिला प्रश्न. जीटी म्हणजे ग्रँड ट्रंक. दिल्ली-चेन्नई. तिचं नाव ते घरातल्या माणसासारखं घेतात.

मलाही ती गाडी फार मोलाची वाटते. कारण ती इथल्या रुळांच्या जोडाची साक्षीदार आहे. कोळशासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रूळ एकोणिसाव्या शतकातच आले, पुढं ते चांदा-बल्लारपूरपर्यंत सरकले आणि नदीपाशी थांबले. पलीकडं निजामाचं राज्य. निजामाच्या रेल्वेनं काझीपेठेहून वर, जंगलातून रूळ आणले. 1928-29च्या सुमारास दोन्ही टोकं इथं जुळली. त्या जोडानं दिल्ली आणि मद्रास सरळ रेषेत आले. त्याआधी ही वाट फेऱ्यानं होती. 1929च्या जानेवारीत ग्रँड ट्रंक सुरू झाली तेव्हा ती पेशावरहून निघून मंगळूरला जायची. 104 तास. खैबर खिंडीच्या तोंडापासून अरबी समुद्राच्या काठापर्यंत, आणि वाटेत कुठं तरी, रात्री किंवा दिवसा, हे स्टेशन. इथला सागाचा वास त्या डब्यात शिरला असेल.

दिल्लीहून बल्लारशाह तेराशे किलोमीटर, चेन्नईहून नऊशेच्या आत. दोन्ही बाजूंनी माणसं इथं पोचतात ती शिळी झालेली असतात. हे मी आत्ता पाहतो आहे, कारण दानापूरकडं जाणारी उन्हाळी विशेष गाडी समोर येऊन उभी राहिली आहे.

बावीस डबे. मी तिच्या कडेनं चालत जातो. वातानुकूलित डब्यांच्या काचा काळ्या, बंद. दारात पांढऱ्या शर्टातला अटेंडंट उशांचे अभ्रे मोजतो. पुढं स्लीपर. खिडक्यांना गजावर वाळत घातलेले टॉवेल, एका गजाला बांधलेली दुधाची बाटली. एक मुलगी वरच्या बर्थवरून केस खाली सोडून फणी फिरवते. त्यापुढं जनरल. इथं खिडकी दिसत नाही. खिडकीच्या जागी हात दिसतात. दहा-बारा हात, प्रत्येकात रिकामी बाटली.

“भैया, भर दो ना. भैया.”

फलाटावरची माणसं बाटल्या घेतात. नळापर्यंत धावतात. हमाल धावतो, कॉलेजचा पोरगा धावतो, मीही धावतो. ज्याची बाटली घेतली त्याच खिडकीला परत द्यायची तर खिडकी ओळखायला हवी. मी खिडकीतल्या हाताचं घड्याळ लक्षात ठेवतो. परत येतो तर घड्याळ नाही, दुसराच हात आहे. तो बाटली घेतो आणि आत, अंधारात कुणाला तरी पुढं देतो. ती पोचते. मला आतून “मिल गया” ऐकू येतं.

पलीकडच्या बाजूनं, दोन रुळांच्या मधे, पाणी भरणारे कामगार जाड पाइप घेऊन डब्याडब्याला लावत चालले आहेत. डोक्याला उपरणं, पायात रबरी बूट. खडी तापलेली. पाइपच्या जोडातून पाणी उडतं, त्यातले दोन-चार शिंतोडे ते मानेवर घेतात. इंजिनापाशी चालक बदलतो. इथं मध्य रेल्वेचा नागपूर विभाग संपतो आणि दक्षिण मध्य रेल्वेची हद्द लागते. काझीपेठेकडून आलेला चालक उतरतो, दोन शब्द तेलुगूत बोलतो. नागपूरकडं नेणारा चढतो. त्याची बायको फलाटावर डबा द्यायला आली आहे. डबा वर जातो, ती मागं सरते. गाडी हलते.

तिच्यामागून, दक्षिणेकडून, आणखी एक गाडी. ही थांबायच्या आधीच फलाटावर ठसका सुरू होतो. कोण शिंकतं, कोण पदर नाकाला लावतं. दारातून पोती उतरतात. लाल मिरचीची. मिरची तोडायला गेलेली माणसं परत येत आहेत. खम्मम, वरंगळ, गुंटूरकडून. संक्रांतीच्या सुमारास गेली, दोन-तीन महिने झाले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या किती गावांत या दिवसांत नुसती म्हातारी माणसं उरतात, ते गावात गेल्याशिवाय कळत नाही. लेकरंही आईबापाबरोबर जातात. शाळेचा तो तुकडा गळतो.

बायका आधी पोती उतरवतात, मग लेकरं, मग स्वतः. बोटं लाल-काळी. नखांच्या कडा फुटलेल्या. एक बाई लेकराला जवळ घेते पण त्याच्या तोंडाला हात लावत नाही, मनगटानं त्याचे केस मागं सारते. मिरची तोडलेल्या हातानं डोळा पुसायचा नसतो, हे आता तिच्या मनगटालाच ठाऊक झालंय.

“कुठल्या गावच्या, माय?”

“मूलकडले आहो जी.” मग गोंदियाच्या गाडीकडं बघून, “ते सुटन का आता?”

सुटेल. पाच-सात मिनिटं आहेत. ती पोतं डोक्यावर घेते. दहा-बारा बायका एकामागं एक पुलाच्या पायऱ्या चढायला लागतात. पोत्यांची लाल रेघ वर सरकते. खाली, त्या जिथं उतरल्या तिथं फरशीवर मिरचीचं बी सांडलंय. एक कबुतर येतं, चोच लावतं, उडून जातं.

दहा वाजून गेले. हैदराबादकडं जाणारी गाडी उशिरा धावते आहे. आधी चाळीस मिनिटं, मग एक तास दहा मिनिटं. घोषणा मराठीत होते, हिंदीत होते, इंग्रजीत होते. तिन्ही भाषांत खेद व्यक्त होतो. पोरं पोत्यावर बसली आहेत. एकानं चपला काढल्या आहेत. नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत पहाटे पाचला नागपूरहून निघते आणि सव्वासात तासांत पोचते, हे ती मला सांगतात. आमची एसटी पोचायच्या आधीच ती इथून गेली. मोठा म्हणतो, “तिला जनरल डबा नसतो.” बोलणं तिथंच राहतं. धाकटा वर्तमानपत्राच्या तुकड्यानं वारा घेतो. भाकरी उघडतात. ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा. मला न विचारता चौथा तुकडा माझ्या हातावर येतो.

आजी आणि तिचा नातू दुसऱ्या फलाटावर आहेत. रुळांपलीकडून दिसतात. ती पिशवी उशाला घेऊन आडवी झाली आहे. नातू तिच्या पायाशी बसलाय, फोनमध्ये. मधून दगडी कोळशाची मालगाडी जाते. एक, दोन, तीन... अठ्ठावन्न वाघिणी. त्या संपल्यावर बघतो तर आजी उठून बसली आहे आणि पदरानं तोंड पुसते आहे. कोळशाची भुकटी आमच्याही दातांत करकरते.

आणि मग, कसलीही घोषणा नसताना, सगळा फलाट उभा राहतो. दूर दिवा दिसलाय.

पोरांना कुठं उभं राहायचं ते माहीत आहे. इंजिनापासून दुसरा. गाडी लागते, पण डबा दहा पावलं पुढं जातो. पळापळ. दारात आधीच माणसं. उतरणारे तिघं, चढणारे पन्नास. पोतं आधी आत जातं, हातांवरून. मग धाकटा, पोत्याच्या मागून. मग मी. माझा हात कुणी धरलाय ते दिसत नाही, पण ओढलाय घट्ट. आत आलो. पाय ठेवायला फरशी शोधावी लागते.

डब्यावर रंगवलेलं होतं, बसायला शंभर. इथं किती आहेत ते मोजायला मान फिरवता येत नाही. सामान ठेवायच्या फळीवर माणसं आहेत. दोन फळ्यांना गमछा बांधून त्याचा पाळणा केलाय, पाळण्यात लेकरू आहे, एवढ्या आवाजात झोपलेलं. शौचालयाच्या दाराशी चौघं बसलेत. ज्याला जायचं असतं त्याच्यासाठी ते चौघं उठतात आणि तो आला की पुन्हा त्याच क्रमानं बसतात. ही माणसं काल संध्याकाळी दिल्लीत चढली. झाशीत काही आली, भोपाळला काही, नागपुरात खूप. एका खिडकीशी बसलेला माणूस मथुरेचा पेढा कागदातून काढतो, अर्धा मोडून शेजारच्याला देतो. शेजारचा त्याला नागपूरचं संत्रं सोलून देतो. दोघांत बोलणं एक अक्षर नाही.

गाडी सुटली. वारा आत आला. गरम आहे, पण वारा आहे. डब्यातली सगळी तोंडं एकदम त्याच्याकडं वळतात.

आवाज बदलतो. पोकळ, घुमणारा. खाली वर्धा. सकाळी एसटीनं ओलांडलेलीच. तेव्हा आम्ही अलीकडून पलीकडं गेलो, आता पलीकडून अलीकडं येतोय. दक्षिणेला जायचं म्हणून आधी उत्तरेला आलो आणि त्याच नदीवरून परत. दारातली एक बाई नाणं टाकते, हात जोडते. तिला नदीचं नाव माहीत नाही. “कौनसी नदी है?” ती विचारते. धाकटा सांगतो. ती नाव एकदा म्हणून पाहते.

माणिकगड स्टेशन. राजुरा इथून हाकेवर. सकाळी इथंच चहा प्यायलो होतो. गाडी थांबत नाही. बाजूच्या रुळांवर सिमेंटच्या वाघिणी उभ्या आहेत, गडचांदूरहून उतरलेल्या. विहीरगाव. रुळालगत मातीचा भराव, रोलर, डोक्यावर पिवळी टोपी घातलेली माणसं. मग विरूर. इथं जंगल जवळ येतं. नदीच्या उत्तरेला एक कागदाची गिरणी, पुढं सिरपूर-कागजनगरला दुसरी, गावाचं नावच कागदाचं. मधे हा बांबू.

मोठा दारात उभा आहे. मला कोपरानं खुणावतो. उजव्या हाताला, शेतं आणि पळसांच्या मागं, उन्हाच्या धुरकट पडद्यात एक निळसर रेघ आहे. लांब, सपाट माथ्याची.

“तो आपला पहाड.”

पहाटे पाचला तिथून निघालो. दुपारचा एक वाजत आलाय आणि तो अजून दिसतो. मधला पोरगा पोत्यावरून उठून येतो. कोलाम गुड्यावरचा. एकही शब्द न बोलता पाहत राहतो. पहाडावरच्या हापशीला आता पाणी सुटलं असेल का, असं मला वाटून जातं. झाडं येतात, रेघ झाकते. झाडं सरतात, पुन्हा दिसते. माकुडी जातं. पुढच्या स्टेशनच्या पाटीवर सगळ्यात वर गोल, वळणदार अक्षरं आहेत. खिशातला फोन थरथरतो. तेलंगणात स्वागताचा मेसेज.

कागजनगरला गाडी थांबते. चहावाला खिडकीशी येतो, आरोळी तेलुगूत. तांड्यावरचा धाकटा, जो पहाटे आईला गोरमाटीत येतो म्हणाला, कंडक्टरशी मराठीत बोलला आणि खिडकीशी हिंदीत, तो वाकून हात बाहेर काढतो.

“अन्ना, नालुगु टी.”

चार कागदी कप आत येतात, हातोहात, एकही न सांडता. तो पाय आखडून घेतो, पोत्यावर चार बोटं जागा करतो आणि मला म्हणतो, “बसा काका. काझीपेठ लई लांब आहे अजून.”